व्यसनाच्या आधीचे दिवस

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत वैद्यकीय समाजसेवा विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाची संहिता)



वार्षिक सभेत किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणते नवे यंत्र आले याचा आढावा घेण्याची प्रथा आहे. तो आढावा अहवालात अन्यत्र आलाच आहे. मला आज अशा एका मुलाविषयी बोलायचे आहे, ज्याची नोंद कोणत्याही रुग्णालयाच्या आकडेवारीत सहसा नसते. तो मात्र रुग्णालयात नियमाने येतो. आईचा डबा घेऊन येतो, वडिलांच्या गोळ्यांसाठी रांगेत उभा राहतो, रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर झोपतो. केसपेपर त्याच्या नावाचा नसतो. त्यामुळे त्याचे वजन होत नाही, आणि तो शाळेत जातो की नाही हे विचारण्याचे कोणाला कारण पडत नाही. एचआयव्हीबाधित आईवडिलांचे हे मूल स्वतः बाधित असेल किंवा नसेल. परंतु पुढील चार-पाच वर्षांत व्यसनाच्या, आणि व्यसनाच्या वाटेने या विषाणूच्या तावडीत सापडण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा त्याच्या बाबतीत अधिक असते. ती अधिक का असते, आणि ती कमी करणे कोणाच्या हाती आहे, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय आहे.

व्यसन आणि एचआयव्ही यांचा संबंध म्हटला की डोळ्यांसमोर प्रथम सुई येते. ते स्वाभाविक आहे. आपल्या देशात या संबंधाचा सर्वांत दारुण अनुभव मणिपूरने घेतला. म्यानमारच्या सीमेवरील मोरे या गावावरून येणारे हेरॉईन १९८० च्या दशकात इंफाळच्या तरुणांत पसरले. ते इंजेक्शनने टोचून घेणाऱ्यांमध्ये हा विषाणू १९८९ च्या उत्तरार्धात प्रथम आढळला आणि एका वर्षाच्या आत, तपासल्या गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे बाधित निघाले. एखादी साथ एवढ्या वेगाने का पसरावी? सिरिंज बाळगणारा पोलिसांच्या तावडीत सापडे आणि औषधविक्रेते तरुणांना सिरिंज विकण्यास राजी नसत. म्हणून एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरे. ही सारी मुले रस्त्यावरची नव्हती. सुशिक्षित घरांतील महाविद्यालयीन मुलेही त्यांत होती. हेरॉईन सुईवाटे शरीरात शिरले, पण विषाणू शिरला तो लपवण्याच्या गरजेतून, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणीतही इंजेक्शनद्वारे मादक द्रव्ये घेणाऱ्यांमध्ये बाधितांचे प्रमाण सुमारे ९ टक्के आढळले. देशातील प्रौढांमध्ये ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. समाधानाची बाब ही की २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, निर्जंतुक सुया पुरवणे आणि हेरॉईनऐवजी वैद्यकीय देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देणे या उपायांना कायद्याचे स्पष्ट संरक्षण दिले आहे.

महाराष्ट्रातील चित्र काहीसे निराळे आहे. येथे १९८० च्या दशकात ‘गर्द’ या नावाने ब्राऊन शुगर आली. त्याच लाटेला उत्तर म्हणून १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. पुढे मेफेड्रोन, म्हणजे बोलीभाषेतील ‘एमडी’, आले. त्याचा समावेश २०१५ मध्ये मादक द्रव्यांच्या कायद्यात करावा लागला. मालेगाव, धुळे या भागांत झोपेच्या गोळ्यांना ‘कुत्ता गोळी’ हे नाव पडले आहे. परंतु मी ज्या मुलाविषयी बोलत आहे, त्याच्या हाती प्रथम यांपैकी काहीच पडत नाही. त्याच्या हाती पडते तंबाखूची पुडी, आणि त्यानंतर पंक्चर काढण्याचे सोल्युशन. केंद्र शासनाच्या वतीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशभर केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हुंगण्याच्या द्रव्यांचा वापर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये १.१७ टक्के आढळला. मोठ्यांपेक्षा लहानांमध्ये अधिक प्रमाण असलेला नशेचा हा एकच प्रकार आहे. तो स्वस्त आहे, आणि तो विकत घेताना कोणी हटकत नाही.

एका मुलाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तीन-चार मुलांचे अनुभव त्यात एकत्र केले आहेत. वडील मालट्रकवर चालक होते. त्यांचा आजार कळला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. ते गेल्यावर भाऊबंदांनी सुनेला आणि नातवाला घरात ठेवले नाही. शेतीच्या तुकड्याचा प्रश्न होताच, त्याला आजाराचे निमित्त मिळाले. आई शहरात आली, धुणीभांडी करू लागली आणि दोन वर्षांत तिला क्षयरोग झाला. मुलाने सातवीत शाळा सोडली. कोणी सोडवली असे नाही. आईला दवाखान्यात नेण्यासाठी आधी सोमवार बुडू लागला, मग गुरुवार. नंतर वर्गात काय चालले आहे हेच कळेनासे झाले. तो एका गॅरेजमध्ये कामाला लागला. भूक मारायला तंबाखू बरी पडते, हे त्याला तेथील मोठ्या मुलांनी शिकवले. सोल्युशन तर गॅरेजमध्येच होते.

पहिल्या दिवशी काय वाटले, असे त्याला विचारले. मजा आली, असे काहीतरी ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, “ताई, झोप लागली.”

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. सोल्युशनमधील टोल्युइनसारखी द्रव्ये फुप्फुसातून थेट रक्तात जातात, काही मिनिटांत मेंदू बधिर करतात आणि तासाभरात उतरतात. म्हणून चिंधी पुन्हा ओली करावी लागते. त्यांनी भूक मंदावते, थंडी जाणवत नाही, भीती जाते. उघड्यावर किंवा कामाच्या जागी झोपणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या या नेमक्या गरजा आहेत. आपण ज्याला व्यसन म्हणतो, ते त्याच्या लेखी जेवण, पांघरूण आणि दाराची कडी यांचे काम करत असते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते विषच आहे. मेंदूची व मज्जातंतूंची हानी होते आणि हृदयाची लय बिघडून अकस्मात मृत्यूही येतो. पण ‘सोड’ असे त्याला सांगताना बदल्यात आपण काय देत आहोत, हा प्रश्न उरतोच.

पुढचा भाग थोडक्यात सांगते. आई रुग्णालयात असताना तो गॅरेजमधून रेल्वे स्थानकावर गेला. तेथे एका मोठ्या माणसाने त्याला जागा दिली, खायला दिले, आणि त्याची किंमत त्याच्या शरीराकडून वसूल केली. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार हा गंभीर गुन्हा आहे आणि तो कळताच पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाला मात्र त्या वेळी ते गुन्ह्यासारखे वाटत नव्हते. त्या माणसाचे उपकार वाटत होते. नशेत असलेल्याला निरोधाची आठवण राहत नाही, एवढेच आपण सहसा म्हणतो. प्रत्यक्षात ‘नाही’ म्हणण्याची शक्ती नशेच्याही आधी, उपाशीपणात गेलेली असते.

या हकिकतीतील क्रम आपण लक्षात घ्यावा अशी विनंती आहे. प्रथम वडील गेले, मग घर, मग शाळा. त्यानंतर मजुरी, तंबाखू, सोल्युशन, शोषण, आणि सर्वांत शेवटी विषाणू. आपले उपचार सुरू होतात ते शेवटच्या टप्प्यावर. परंतु वडिलांच्या आजारापासून आईच्या क्षयरोगापर्यंतच्या सर्व काळात हा मुलगा कोणत्या ना कोणत्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेला होता.

‘वाईट संगत लागली’ असे आपल्याकडे म्हणतात. संगतीचा परिणाम होतो, हे नाकारता येणार नाही. पण चांगली संगत त्याला सोडून गेल्यानंतरच ही दुसरी संगत आली, हे या म्हणण्यात झाकले जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी व डॉ. रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांच्या बालपणाचा अभ्यास करून १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात व्यसनी किंवा मनोरुग्ण व्यक्ती, आईवर होणारे अत्याचार अशा प्रतिकूल अनुभवांचे प्रकार त्यांनी मोजले. चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यामध्ये मद्यासक्ती, मादक द्रव्यांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी अधिक आढळला. आपला समाज वेगळा आहे, हे खरे. तरीही त्यातील मर्म आपल्या कामात रोज प्रत्ययास येते. एखादे दुःख मूल पचवते; दुःखांची चळत झाली की ते वाकते. त्यात किशोरवयातील मेंदूची घडणच अशी, की सुखाची ओढ आधी पक्व होते आणि तिला आवरणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. मद्यासक्तीकडे असलेला कल काही अंशी आनुवंशिकही असतो. यांपैकी एकही गोष्ट मुलाने निवडलेली नसते.

येथे थोडे विषयांतर करते. व्यसनमुक्तीच्या फलकांवर कवटी आणि हाडे काढण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. ज्याने वडिलांना घरात झिजून मरताना पाहिले आहे, त्याला कवटीचे चित्र कशाचे भय घालणार? शाळांतून अशी व्याख्याने देण्याची निमंत्रणे आम्हांस येतात. जेथे शक्य असते तेथे मुख्याध्यापकांना आम्ही व्याख्यानाऐवजी गेल्या तीन महिन्यांत वारंवार गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी मागतो. व्याख्यानापेक्षा ती यादी अधिक उपयोगी पडते.

आता जी मुले जन्मतःच बाधित आहेत, त्यांच्याविषयी. शासनाची मोफत विषाणूप्रतिरोधक औषधे २००४ मध्ये सुरू झाली आणि मुलांसाठीचा स्वतंत्र राष्ट्रीय उपक्रम २००६ च्या अखेरीस. जी मुले जगणार नाहीत असे त्या काळी गृहीत धरले जाई, ती औषधांमुळे वाढली, त्यांना मिसरूड फुटली, कित्येकांची लग्ने झाली. ही वैद्यकशास्त्राची केवढी मोठी कामगिरी! मात्र अनेक घरांत मुलाला ही गोळी रक्तवाढीची किंवा शक्तीची म्हणून दिली जाते. आजी-आजोबा सांभाळत असतील तर अधिकच. सांगायचे कसे, आणि बाहेर बोलला तर काय, ही त्यांची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत शालेय वयात, समजेल तसे टप्प्याटप्प्याने मुलाला सांगावे असा सल्ला दिला आहे. तसे न झाल्यास ते त्याला तेरा-चौदाव्या वर्षी स्वतःहून कळते: औषधाच्या डबीवरचे नाव मोबाईलवर शोधून, किंवा केंद्राच्या दारावरची पाटी वाचून. त्या दिवशी आजारापेक्षा फसवणूक अधिक लागते. गोळ्या बंद होतात, आणि पहिली बाटलीही पुष्कळदा त्याच सुमारास उघडली जाते.

दारू आणि गोळी यांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो, आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी तो आवर्जून दूर करावा. ‘दारू घेतली त्या दिवशी गोळी घ्यायची नाही, दोन्ही एकत्र झाले तर विष होते’ असे मुले एकमेकांना सांगतात आणि गोळी चुकवतात. गोळी वारंवार चुकली की विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. दारू यकृताला घातकच आहे, विशेषतः क्षयरोगाची औषधे चालू असताना. ती घेऊ नये हेच आमचे सांगणे असते. तथापि घेतलीच, तरी त्या दिवशीची एचआयव्हीची गोळी सोडू नये. असे सांगणे म्हणजे दारूला परवानगी देणे, असा आक्षेप काही ज्येष्ठ मंडळी घेतात. त्यांच्या भावनेचा आदर राखून मी म्हणेन, मूल आपल्याशी खरे बोलत राहिले तरच त्याला दारूपासून दूर नेण्याची संधी मिळते.

आणखी एक वस्तुस्थिती या मुलांना फार थोडी ठाऊक असते. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला होत नाही. लग्न करता येते, निरोगी मूल होऊ शकते. सोळा वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगितल्यावर तो पुष्कळ वेळ गप्प बसतो. ज्याला वीस वर्षांनंतरचे आयुष्य दिसत नाही, त्याला यकृताची भीती घालून उपयोग होत नाही. आधी ती वीस वर्षे त्याला दिसावी लागतात.

मुलींविषयी कमी बोलले जाते, कारण त्या नाक्यावर दिसत नाहीत. त्या घरात असतात: आजाऱ्याची शुश्रूषा, धाकट्यांचे संगोपन, मग लहान वयातील विवाह, बहुधा व्यसनी पुरुषाशी. मिश्री, तंबाखू त्यांच्यातही आहेच. त्यांची जोखीम मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या व्यसनातून येते. मघाच्या २०१७ च्या कायद्यात या संदर्भात एक अतिशय समंजस तरतूद आहे. एचआयव्हीने ग्रासलेल्या कुटुंबाचा कारभार बारा ते अठरा वयाचे समजूतदार भावंड पाहत असेल, तर धाकट्यांच्या शाळाप्रवेशासाठी, उपचारांसाठी आणि बँकेच्या व्यवहारांसाठी त्याला पालक म्हणून मान्यता मिळते. ही तरतूद शाळांना आणि बँकांना ठाऊक नसते. कायद्याची प्रत घेऊन सोबत जावे लागते. तसेच राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेतून अशा मुलांना दरमहा २,२५० रुपयांचे साहाय्य मिळू शकते. त्यासाठी लागणारे दाखले गोळा करण्यात मुलाची शाळा बुडू नये, एवढे पाहणारा कोणी हवा.

या ‘कोणी’पाशी येऊन सारा विषय थांबतो. घर मोडले, वडील गेले, दारिद्र्य आले तरी जी मुले सावरली त्यांच्याकडे पाहिल्यास बहुधा दोन गोष्टी आढळतात: शाळा सुटलेली नसते, आणि रोज नाही तरी आठवड्याला चौकशी करणारे एक मोठे माणूस असते. ते आजी असेल, शिक्षिका असेल, शेजारचे काका असतील. कोणीच नसेल तर ते समुपदेशकाला व्हावे लागते.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे मी तीन मागण्या ठेवत आहे. एचआयव्ही आणि क्षयरोगाच्या प्रत्येक केसपेपरवर एक रकाना वाढवावा: घरी अठरा वर्षांखालील मुले किती, त्यांची नावे, शाळेत जातात का. त्याला खर्च नाही. किशोरवयीनांसाठीचा तपासणी विभाग आठवड्यातून एक दिवस सायंकाळी सात ते नऊ ठेवावा, कारण काम करणारी मुले दिवसा येऊ शकत नाहीत. त्यांना जेवणही द्यावे. तिसरी मागणी खर्चाची आहे. सर्वत्र समुपदेशक अकरा महिन्यांच्या करारावर नेमले जातात आणि पुढे निघून जातात. मूल आपली गोष्ट एकदा सांगते. दुसऱ्या माणसापुढे ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला ते येत नाही. दोन समुपदेशक किमान पाच वर्षे टिकतील असे वेतन त्यांना मिळावे. देणगीदारांच्या औदार्यावर हे रुग्णालय उभे आहे, हे आम्ही जाणतो. यंत्र दिले तर त्यावर नावाची पाटी लागते, समुपदेशकावर ती लावता येत नाही, ही अडचण मी मान्य करते.

शेवटी कुटुंबीयांसाठी. मुलाच्या कपड्यांना थिनरचा वास येत असेल, नाकातोंडाभोवती पुरळ असेल, खिशात ओलसर चिंधी सापडत असेल, तर तो नशेत असताना त्याला मारू नये, घाबरवू नये, त्याच्या मागे धावू नये. अशा वेळी हृदयावर एकाएकी ताण येऊन प्राण जाऊ शकतो. मोकळ्या हवेत न्यावे, शांत बसवावे, शुद्ध हरपली तर ताबडतोब रुग्णालयात आणावे. उपचारासाठी स्वतःहून आलेल्या व्यसनी व्यक्तीला मादक द्रव्यांच्या कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाण बाळगण्याच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळते, हेही लक्षात असू द्यावे. संकटातील मुलांसाठी १०९८, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७ हे दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहेत. आमचा विभाग तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीशेजारी आहे. मुलाला घेऊन येण्यासाठी केसपेपर काढावा लागत नाही.